दहा मिनिटं बोला, म्हणाले

मनामाच्या या हॉलमध्ये एसी इतका
की पुढच्या रांगेत सगळ्यांचे पदर खांद्यावर.
यशाचा मंत्र सांगा, सुमित्राताई.

मंत्र कसला?
हे गेले तेव्हा दुकानाचं भाडं चार महिने थकलेलं,
परवाना त्यांच्या नावावर,
माझ्या नावावर एक शिलाई मशीन,
तेही पायाखाली कुरकुरणारं.

झुबेदा परकारनं तिच्या दुकानातलं
अर्धं टेबल दिलं. फुकट नाही.
"फुकट घेतलंस तर लाजत राहशील.
महिन्याला पंधरा दिनार दे,
आणि माझ्याशी भांडायला मोकळी राहा."
दाभोळची ती. बोलणं सुक्या मासळीसारखं,
खारट, पण टिकणारं.

शिवायला येत होतं मला.
तिनं उसवायला शिकवलं.
एकेक टाका, दिव्याखाली, कापडाला न दुखवता.
पहिल्याच ऑर्डरचे चाळीस गणवेश
बाह्यांत आखूड निघाले होते.
पहाटेची बांग झाली तरी आम्ही उसवतच होतो.
मान वर न करता म्हणाली,
"रडायचं तर रड. कापडावर नको, डाग पडतो."

उधारीची वही वेगळी ठेवा.
अरबी कागदावर सही करण्याआधी
तो दोघांकडून वाचून घ्या, दोघं एकमेकांचे नातेवाईक नकोत.
संपलं माझं.

अजून चार मिनिटं आहेत म्हणता?
मग त्या तिसऱ्या रांगेतल्या मुलीला विचारा,
मघापासून पर्सचा बंद पिळत बसलीय ती.
माझ्याकडे अर्धं टेबल रिकामं आहे.
फुकट नाही.