डावीकडचा ब्रेक

नझीर डेंटर फार बोलत नाही, ठोकतो.
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं दाराखालच्या पट्टीवर
टक्, टक्, टक्
आणि मग एकदा थप्प.
आवाज बदलला की माझ्याकडे बघतो,
एक्स-रे उजेडात धरलेल्या डॉक्टरसारखा.
'मॅडम, इथून पुढे गाडी नाही. नुसता रंग आहे.'

उथळसरच्या शेडमध्ये
ताडपत्रीखाली अकरा वर्षं उभी ही फियाट.
पंधरा तारखेला शेड पडणार,
तशी नोटीस कारखानीसांनी दोनदा दिली,
दुसऱ्यांदा सहीशिक्क्यानिशी.
भंगारवाला तांडेल बावीस हजार म्हणाला,
वजनावर. तेही इंजिन जड आहे म्हणून.
नझीरचा कागद: पत्रा, पाटे, वायरिंग,
रेडिएटर, रबरं, रंग.
साडेचार लाख, 'आणि उघडल्यावर निघेल ते वेगळं.'
वागळे इस्टेटीत एकोणतीस वर्षं कॉस्टिंग केलं मी,
'निघेल ते वेगळं' म्हणजे काय, मला कळतं.
दीडपट धरा.

घरून फ्रिजवरचं लोहचुंबक आणलंय, हापूस आंब्याचं.
बॉनेटवर चिकटलं.
डाव्या मडगार्डवरून घसरलं.
मागच्या दारावरून पडलं.
डिकीवर जरा विचार केला त्यानं,
मग पडलं.
सगळी पुट्टी. अप्पांची.
रविवारी सकाळी बनियनवर उकिडवे बसून
लिंपायचे ते शिकाऊंनी घातलेले पोचे.
हा मिसेस राज्यांचा,
हा पोस्टमास्तर सुळ्यांचा,
हा कोर्टनाक्याच्या खांबाचा, खांबसुद्धा वाकला होता.
मग पूर्वीसारखी करायची म्हणजे
कुठल्या पूर्वीसारखी?
ती शोरूममधून निघाली तेव्हा मी नव्हते.
मला आठवते ती आधीच पुट्टीची.

टिपणीस मोटार ट्रेनिंग स्कूल, चरई.
अर्धं ठाणं इथे क्लच सोडायला शिकलं,
उरलेलं अर्धं, नुसता दाबून धरायला.

मी आत वाकते.
ड्रायव्हरकडचा तळ गेलाय,
पेडलांमधून शेडची माती दिसते,
एक फुटकं कौल, मांजराचे केस.
पण डावीकडे, शिकवणारा बसतो तिथे,
तो जादा ब्रेक तसाच.
घासून घासून चकचकीत, मधोमध दबलेला,
कोल्हापुरीत अंगठ्याखाली खळगी पडते तसा.

अठरा वर्षांची होते.
उपवनच्या चढावर गाडी मागे घरंगळली नाही.
येऊरच्या रस्त्याला म्हैस आडवी आली,
गाडी थांबली, तिच्या शिंगापासून वीतभर.
'शाब्बास,' अप्पा म्हणाले, खिडकीबाहेर बघत.
लायसन्स आलं. पेढे वाटले त्यांनी गल्लीभर.
पुढेही मी थांबत गेले, नेमकी वेळेवर:
साताऱ्याच्या स्थळाला, दुबईच्या नोकरीला,
एकदा तर अगदी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर.
सगळे म्हणाले, शाब्बास.
आणि अजून मला ठाऊक नाही,
त्या दिवशी म्हशीसमोर
पाय कुणाचा होता.

नझीर चहा पितो, ग्लास बॉनेटवर ठेवतो,
उचलतो, बाहीनं डाग पुसतो.
'सांगा. तांडेलचा टेम्पो चारला येतोय.'

मी त्याचा कागद घेते. सवयीनं रकाने आखते.
रंग खोडते. मडगार्ड खोडते. दारं खोडते.
'तळाचा पत्रा कर. इंजिन बघ. ब्रेक कर.
चालली पाहिजे आणि थांबली पाहिजे.
पोच्यांना हात लावू नकोस.'
'अशीच दिसणार मग.'
'दिसू दे.'
'आणि हा?' बुटाच्या टोकानं तो डावीकडचा ब्रेक दाखवतो.
'कापून टाकू?'

बाहेर टेम्पोचा हॉर्न. चारला दहा कमी.

'राहू दे,' मी म्हणते.
'फक्त जोडू नकोस.'

तो मान हलवतो, वहीत काहीतरी लिहितो,
सहा हजार ॲडव्हान्स मागतो.
पर्समध्ये साडेपाच निघतात.