टिचकी

तेरच्या टेकाडाखालचं एक खापर,
अर्धं तांबडं, अर्धं काळं.
खलात कुटून त्याची चिमूटभर पूड केली
तेव्हा भानुदासमामा म्हणाला,
"फोडायलीस कशाला? टिचकी मारून इचार की त्यालाच."

लेण्यांच्या डोंगराखाली, विद्यापीठात,
शिशाच्या विटांआड कोबाल्ट बसलेलं,
एका सळईच्या टोकाला.
सळई पुढे सरकते, मागे सरकते,
सेकंदाला चार मिलिमीटर, पाच मिलिमीटर.
भिंतीवरची मुंगी तिला सहज मागे टाकील.
एवढ्याशा चालीने गॅमाचा सूर
केसभर चढतो, केसभर उतरतो
आणि पुडीतलं लोखंड, ओळखीचा सूर येईपर्यंत,
ढिम्म.
जुळला की पिऊन टाकतं,
डोळा लवायच्या कितीतरी आत
भलत्याच दिशांना सांडतं.
पडद्यावर तिथे खळगा पडतो.

मोकळा अणू असता तर हे झालंच नसतं.
विहिरीत भोपळ्यांच्या सांगडीवरून उडी घेतली
की सांगड मागे जाते, उडी तोकडी पडते.
हे मामाने सांगितलेलं;
आम्हा पोरींना कुणी विहिरीत उतरू दिलंय?
पण स्फटिकात रुतलेला अणू
काठाच्या दगडावरून झेप घेतो.
धक्का साऱ्या खडकाला मिळून बसतो,
म्हणजे कुणालाच बसत नाही.
नेहमी नाही. काही वेळा.
त्या काही वेळांवर माझी पीएचडी उभी आहे.

मी तेर सोडलं त्या सकाळी
एसटीच्या खिडकीतून आव्याचा धूर दिसत होता,
आई गोवऱ्या रचत होती, कुणी मान वर केली नाही.
मला वाटलं, कुणाला काहीच झालं नाही.
हल्ली धक्क्याचं गणित मांडताना
पेन मध्येच थांबतं.

आमचा कोबाल्ट म्हातारा झालाय.
दर नऊ महिन्यांनी अर्धा होतो,
नव्याची फाईल दोन वर्षं कुठल्याशा टेबलावर.
म्हणून एका खापराला तीन आठवडे.
रात्री वीज जाते, इन्व्हर्टर कुरकुरून गप्प होतो.
गौसभाई टॉर्च लावून डबा उघडतात,
कारळाची चटणी माझ्याकडे सरकवतात.
मोजणी बंद असते. कोबाल्ट नसतो.
अंधारात त्याचं बिनहिशेबी चाललेलं.

बाविसाव्या दिवशी सहा खळगे, लांबलांब,
तांबड्या लोखंडाचे;
आणि मधोमध दोन,
धुरात गुदमरलेल्या लोखंडाचे.
म्हणजे आवा पेटता असताना कुणीतरी तोंड लिंपलं होतं,
आणि निवायच्या आधीच उघडलं.

फोनवर मामाला सांगितलं.
"हां," म्हणाला, "बाजार असंल दुसऱ्या दिशी."
पुढे बोलला नाही.
त्याच्या हातातल्या मडक्याचा आवाज आला,
ठण्ण.
मग दुसऱ्याचा. ठण्ण.
मग जरा थांबून,
बद्द.
ते त्याने बाजूला ठेवलं असावं.