स्पिरिटची बाटली

धैर्या, करवत आधी पूस.
चढायचं नंतर.
हार्नेस बघितलास, दोर बघितलास,
कॅराबिनर मिटल्याचा आवाज ऐकलास, छान.
आता पाती पूस.
ही बाटली माझ्या कमरेला
पाण्याच्या बाटलीआधी लटकते.

कसबा बावड्याच्या रस्त्याला, डाव्या हाताला,
चौदा काशिद होते.
आता पाच आहेत.
मधल्या रिकाम्या जागेत रसवंतीवाल्यानं
हिरवं कापड ताणलंय.

त्या साली मी पेट्रोलवरची करवत घेतलेली,
नारंगी, दोन हप्ते थकलेले,
आणि तारांखालच्या फांद्या तोडायचं काम लागलेलं.
दस्तगीरचाचा खालून ओरडायचे,
"आधी खालनं चीर दे, निम्म्याच्या आत.
मग वरनं, वीतभर फुडं.
न्हाईतर फांदी साल वडून न्हेतीय
पार बुंध्यापातूर, चपलेचा अंगठा उसवावा तशी."
मी तसंच केलं. प्रत्येक फांदीला तीन काप.
फांदी खोडाला मिळते तिथली सुरकुतलेली गळपट्टी,
तिला पातं लागू दिलं नाही.
चाचांनी एका कापावरून अंगठा फिरवला
आणि काही बोलले नाहीत.
(त्यांचं न बोलणं म्हणजे प्रमाणपत्र. तुझं अजून बाकी आहे.)

पहिल्याच काशिदाचा शेंडा वाळलेला.
पानं तांबूस, न गळता तशीच लटकलेली,
साल फुटून वर काळे पुटकुळे, मोहरीएवढे.
मी म्हटलं, उन्हाळा आहे.
ती फांदी उतरवली
आणि तीच पाती घेऊन दुसऱ्यावर चढलो.

दिवाळीत दुसरा वाळला. मग तिसरा.
कुणी म्हणालं, ड्रेनेजवाल्यांनी मुळं तोडली.
कुणी म्हणालं, बंगल्यातल्यांनी रात्री ॲसिड ओतलं.
नगरसेवक फोटो काढून गेले.
मीही मान हलवत होतो.
चाचांचा लाकडी हातोडा लावून ऐकत होतो,
ठक्क म्हणजे भरीव, ढब म्हणजे आत कूज.
सगळे ठक्क म्हणाले.
मरण वरून उतरत होतं.

वही काढली ती मजुरीचा हिशेब लागेना म्हणून.
सोमवार, एक ते पाच.
मंगळवार, सहा ते नऊ.
नवव्यावर साखळी तुटली,
शाहूपुरीत नवीन घालून आणली, पाचशे चाळीस रुपये.
गुरुवार, दहा ते चौदा.

दहा ते चौदा हिरवे होते.

लक्ष्मीपुरीत चहाच्या गाड्यावर चाचांना वही दाखवली.
त्यांनी चष्मा लावला. बशीतल्या चहावर साय धरली.
"म्या बी कवा पुसली न्हाई रे," म्हणाले.
मग बोटांवर काहीतरी मोजत बसले.
दोन्ही हात संपले,
पुन्हा अंगठ्यापासून सुरू केलं.

आता पट्टा निघालाय, खोडाला बांधायचा,
आवाज आरपार जातो
आणि मोबाईलवर बुंध्याचा नकाशा उमटतो,
हिरवा, पिवळा, लाल.
पुण्याहून भाड्यानं मागवतो मी. चांगलाच आहे.
पण तो खोडातलं सांगतो,
पात्यावर काय बसलंय ते त्याला दिसत नाही.

आणि कापावर डांबर फासू नकोस,
मालक कितीही म्हणू देत.
आत ओल कोंडते.
झाड कडेनं मिटत जातं, त्याच्या वेळेनं.
रोगट फांद्या इथं टाकायच्या नाहीत,
ट्रॉलीत भर, रसवंतीच्या चुलाण्याला गेल्या तरी चालतील.

सत्तर टक्क्यांचं स्पिरिट घे. कडक घेतलंस तर
काम करायच्या आधीच उडून जातं.
इंजिन गार होऊ दे, नाहीतर पेट घेईल.
आज दहावा आहे, तारेला टेकलाय.
पूस.
उलट्या बाजूनंही.