दंडाची पट्टी

फणसाडच्या कडेला, गाडीरस्ता संपतो तिथून पुढे
वीस मिनिटं चढ. मी नर्सबाई. पिशवीत
लोहाच्या गोळ्या, वजनकाटा आणि ती तीन रंगांची पट्टी,
पोरांच्या दंडाला गुंडाळायची.
लाल, पिवळा, हिरवा. बास, एवढंच येतं तिला.

बुधी हिलम कडूकंद चिरत बसली होती.
"कच्चा खाल्लास तर मरशील," म्हणाली,
चहा घेतेस का म्हणावं तसं.
चकत्या राखेत उकडायच्या, पाटीत भरून
रात्रभर ओढ्याच्या धारेत ठेवायच्या.
"कडू सगळं खाली जातं. खाडीला काय त्याचं!"

आहार असा एक रकाना आहे माझ्याकडे.
समाधानकारक, असमाधानकारक. एकावर खूण.
तिथे मुठे कुठे लिहू? रात्री टेंभ्यावर धरलेले,
कवचासकट पाट्यावर वाटून गाळलेले,
ज्या कढणावर तिची नात सुगंधी
श्रावणात पिवळ्यातून हिरव्यात आली?
टाकळा, कुरडू, भारंगीची फुलं, खाजणातले निवटे,
बांधावरचा उंदीर.
हे शेवटचं तिने हळू सांगितलं. नर्सबाई हसतात म्हणे.
हसले होते मी, पहिल्या वर्षी.

एकदा शेवळं घरी नेली, मुरूडला.
मूठभर आमसुलं टाकली, तरी जीभ दोन दिवस टोचत राहिली.
बुधी पोट धरून हसली. "काकडं नाही घातलीस?
खाज देणारं नि खाज काढणारं
एकाच वक्ताला येतं गं, एकाच पाटीत."
माझ्या गोळ्या तिने तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या,
सगळ्याच्या सगळ्या. किडा लागत नाही म्हणाली.

दिवाळीनंतर ट्रक आला. कोळशाची भट्टी, घाटापलीकडे.
उचल आधीच घेतलेली.
दाराला कुलूप नाही, एक काटेरी फांदी.

मे सरता सरता परतली. सुगंधीच्या मुठीत
बिस्किटांचा पुडा, केस तांबूस.
पट्टी ओढली. लालवर थांबली.
तिकडे काय खायचात?
"तांदूळ. मिरची. मुकादमाच्या दुकानातलं."
ओढा नव्हता?
"होता की. पण त्याची आमची ओळख नव्हती."

शेऱ्यात लिहिलं: पावसाची वाट पाहावी.
मग खोडलं.
तालुक्याची गाडी उद्या सातला येईल, सांगितलं.
बुधी मान हलवत होती, पण नजर
एका वाळक्या वेलीच्या मागावर,
ती जमिनीत कुठे शिरते तिकडे.