आहेर आणू नये

दांडिया बाजारात माझं दुकान लग्नपत्रिकांचं.
चाळीस वर्षं पाकिटंच विकली:
हळदीच्या रंगाची, चंदेरी कडेची,
झडपेवर गणपती उठवलेली.
आणि टपालाने आलेलं एकही खाकी पाकीट
मी उघडलं नाही.
शाईच्या डब्यांमागे सरकवत गेलो.
कुमुदिनीला म्हणायचो, जाहिराती असतात.

शेवटी मिठाईच्या खोक्यात भरून
ती रावपुऱ्यात नेली, दुसऱ्या मजल्यावर,
जागृती पारेख वकिलांकडे.
बाईंनी खोकं पाहून आधी हसून घेतलं,
मग पोलादी पट्टीने एकेक कड अशी कापली
की कारागीर म्हणून ठेवावं असं वाटलं.

सतरा निघाली.
टेबलावर तारखेप्रमाणे मांडली, पंगत मांडावी तशी.
मी चष्मा लावला,
तर मजकूर सगळा ओळखीचा:
स्थळ. वार. वेळ.
आपण जातीने उपस्थित राहावे.
सतरा वेळा आग्रहाने बोलावलं होतं मला.
‘कृपया आहेर आणू नये’
ही ओळ तेवढी गाळली होती.

‘व्याज रविवारी पण चढतं, काका.
आता बोला. त्यांना जे सांगणार नाही
ते आधी मला सांगा.’

चहा आला. त्यावर साय धरली.
मग सांगितलं:
वैशाखातल्या दोन वह्या,
एक दाखवायची, एक गादीखालची.
कटिंगचं यंत्र भावाच्या नावावर.
धाकट्याची फी रोखीतून.
इतकं तपशीलवार मी देवापुढेही
कधी बोललो नव्हतो.
देवापुढे आकडे लागत नाहीत.

बाई लिहीत होत्या, मान वर न करता.
उपकारच झाले त्यांचे.

नवव्या पाकिटातून चेक निघाला.
सरकारनेच मला पाठवलेला, परताव्याचा,
सहा हजार चारशे दहा.
मुदत संपून अकरा वर्षं.
‘हे पण तुम्हीच लपवलंत,’ बाई म्हणाल्या,
आणि तो वेगळ्या फायलीत ठेवला,
कशासाठी ते मी विचारलं नाही.

मूळ रक्कम भरावीच लागेल, म्हणाल्या.
दंडाबद्दल भांडू. हप्ते मागू.
माझ्या फीचेही हप्ते चालतील,
पण दर वेळी पावती घेऊन जायची.

खिसा हलका होता. म्हटलं,
तुमची व्हिजिटिंग कार्डं छापून देतो,
पाचशे, उठावाची अक्षरं, माझ्याकडून.
‘छापा. पण बिल करा.
नंबर घालून, कर वेगळा दाखवून.’

रात्री शटर अर्धं ओढून बसलो.
कोरं बिलबुक, मध्ये कार्बन.
नंबर घातला, एक.
पार्टीचं नाव लिहिलं, आणि पुढे हात अडला.
कर नक्की किती टक्के,
ते घरी फोन करून कुमुदिनीला विचारलं.

तिला ठाऊक होतं.
खाकी पाकिटांचंही ठाऊक होतं.