नदी गोठलेली असताना

टेबलावर नकाशा.
कोपऱ्यांवर मिठाची बरणी, काडतुसांचं खोकं,
चहाचा डबा
आणि युलाली मावशीचं कोपर.
बाहेर उणे एक्केचाळीस.

मी पीठ मोजते.
माणशी रोज पाव किलो, दोघं, बेचाळीस दिवस.
एकवीस.
"आणि वारा?" मावशी विचारते.
"मोठ्या तळ्यावर सहा दिवस बसवून ठेवतो तो.
त्याला काय खायला घालशील?"
चोवीस.

नोएल म्हणतो, कॅनू हलकी हवी,
चार ठिकाणी ती डोक्यावर घेऊन चालायचंय.
पण वडिलांची ती जड, कॅनव्हासची,
तिच्याशिवाय दुसरीत पाय ठेवणार नाही.

मावशी पेन्सिल जिभेवर ओली करते,
एका वळणावर बारीक फुली मारते.
इथं उतरू नका.
धबधबा आहे?
नाही.
अस्वलं?
"छान जागा आहे. वाळू आहे.
गळ टाकला की मासा लागतो."
एवढं बोलून ती चहा करायला उठते, डबा घेऊन,
आणि नकाशाचा तो कोपरा
आपसूक गुंडाळला जातो.

रात्री मी यादीत खाली लिहिते:
तंबाखू, पाण्याला द्यायला.
मग त्याखाली, लहान अक्षरात:
आणखी एक चिमूट.
फुलीपाशी. वल्हं न थांबवता.