सव्वीस मिनिटं

गिरणीचा भोंगा माझ्या नायनांच्या हातात होता.
टाइम ऑफिसात पुरुषभर उंचीचं घड्याळ,
लोखंडी दांडी, पितळी लोलक, त्याखाली एक बारीक चाकी.
मे महिन्यात दांडी तापून केसभर लांबायची,
घड्याळ दिवसाला दहा सेकंद मागं पडायचं.
नायना चाकी जराशी वर आवळत
आणि रेडिओच्या शेवटच्या टिकेला भिंतीवरची टिक जुळवत.

सातला भोंगा.
साखर पेठेतून माणसं घास तोंडात घेऊन पळायची.
सात-पाचला फाटक बंद.
मग लाल शाई. अर्धा खाडा.

अम्मा घड्याळाकडं बघत नसे.
तिचं सगळं विड्यांत:
भाताला दोन कट्टे,
दवाखान्यात जाऊन यायला सहा.
"तू झालीस तेव्हा कळा आधी पंधरा विड्यांनी येत होत्या,
मग पाच विड्यांनी. मग सूप खाली ठेवलं."

गिरणी मिटली. भोंगा भंगारात गेला.
थकल्या पगारापोटी नायनांनी घड्याळ मागून आणलं;
खोलीत मावेना, म्हणून त्याचा कळस कापला.

मी शाळेत भूगोल शिकवते.
यंदा शून्य सावलीच्या दिवशी स्लॅबवर एक जुनी बॉबिन उभी केली.
सावली आखडत आखडत बॉबिनच्या बुडात शिरली.
नायनांनी मनगट पाहिलं: बारा तेवीस.
"तुझा सूर्य लेट आहे."

सांगितलं:
देशाची वेळ मिर्झापूरजवळच्या रेषेवरून ठरते,
अंशाला चार मिनिटं, आपण साडेसहा अंश पश्चिमेला.
सोलापूरची दुपार सरासरी सव्वीस मिनिटं मागून येते.
"मग आज तेवीस कशी?"
पृथ्वी वर्षभर एका चालीनं चालत नाही, नायना.
"तिचा खाडा कोण मांडतं?"

मी हसले. ते हसले नाहीत.
तापल्या स्लॅबवर अनवाणी उभे, म्हणाले,
"पोशट्टी चिलका. सात-अकरा.
बायको अडली होती, दवाखान्यातून धावत आलेला.
सूर्याच्या हिशोबानं तेव्हा पावणेसातच झाले होते."

मला उत्तर ठाऊक होतं:
गावोगावचा सूर्य धरला
तर एका रुळावर दोन गाड्या येतील.
बोलले नाही. बॉबिन उचलली.

ठोक्याच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवत नाहीत.
म्हणून त्या रात्री नायनांनी लोलक हातात धरला
आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.
घरात फक्त अम्माची कात्री वाजत होती.
खूप वेळानं ती म्हणाली,
"बावन्न झाल्या. सोडा आता."

गुरुवारी नळ महापालिकेच्या वेळेनं आला, गेला.
दोन घागरी रिकाम्या राहिल्या.
नायनांनी त्या पालथ्या घातल्या,
आणि घड्याळाला किल्ली दिली.